शिष्यवृत्तीचा करार : बडोद्यापासून आजपर्यंत

विनयपिटकातील महावग्गात जीवक कोमारभच्चाची कथा आली आहे. राजगृहातील उकिरड्यावर टाकून दिलेले एक अर्भक अभय राजकुमाराच्या दृष्टीस पडले. त्याने त्याला वाड्यात नेऊन वाढविले. हा मुलगा वयात आल्यावर, राजकुळात विद्येवाचून निभाव लागणे कठीण आहे, हे ओळखून कोणालाही न सांगता तक्षशिलेला गेला आणि तेथे सात वर्षे वैद्यकशास्त्र शिकला. आचार्यांनी निरोप देताना थोडीशी शिदोरी दिली. ती साकेत नगरीपर्यंतच पुरली. पुढचा मार्ग दुर्गम होता. तेव्हा जीवकाने साकेतातील एका श्रेष्ठीच्या पत्नीचा जुनाट शिरोरोग बरा केला आणि मिळालेले सोळा सहस्र कार्षापण, दास-दासी व रथ घेऊन तो राजगृहास परतला. ती पहिली कमाई त्याने पालनपोषणाच्या ऋणापोटी अभय राजकुमारापुढे ठेवली. अभयाने ती घेतली नाही. ती तुझीच राहो, मात्र तू आमच्याच वाड्याच्या आवारात घर बांधून राहा, असे त्याने सांगितले.

उच्च शिक्षणासाठी द्रव्य कोठून येते, ते कोणत्या अटीवर येते, मध्येच संपले तर काय करावे लागते आणि शिकून परतलेल्याला समाजात जागा मिळते की नाही, हे चारही प्रश्न या छोट्याशा कथेत आहेत. जातककथांवरून असे दिसते की, तक्षशिलेच्या आचार्यांकडे दोन प्रकारचे शिष्य असत. काही जण आचार्यांचे शुल्क आरंभीच देत. ज्यांच्याजवळ धन नसे ते दिवसा आचार्यांची सेवा करीत व रात्री अध्ययन करीत. म्हणजे विद्येचे मूल्य एक तर रोख द्यावे लागे, नाही तर श्रमाने फेडावे लागे. पुढे नालंदा महाविहाराच्या काळात हे ओझे व्यक्तीवरून उतरले. ह्युएन त्संगच्या चरित्रात सुमारे शंभर गावांचे उत्पन्न महाविहाराला लावून दिल्याचा उल्लेख आहे; नंतर आलेल्या इत्सिंगने हा आकडा दोनशेच्या वर सांगितला आहे. तेथील विद्यार्थ्याला चीवर, अन्न, निवारा आणि औषध यांसाठी दारोदार फिरावे लागत नसे, म्हणूनच त्याचे चित्त अध्ययनात स्थिर राहू शकत असे. आजच्या भाषेत ज्याला आपण अधिछात्रवृत्ती म्हणतो, तिचे तत्त्व हेच होय.

आपल्या समाजाच्या अर्वाचीन इतिहासात या तत्त्वाची सर्वांत मोठी कसोटी एका शिष्यवृत्तीच्या निमित्ताने लागली. ती म्हणजे बडोदे संस्थानाने भीमराव रामजी आंबेडकर या तरुणास १९१३ साली दिलेली शिष्यवृत्ती होय. या घटनेचा उल्लेख आपण नेहमी करतो. परंतु तिच्यातील अटी, मुदत आणि तिचा शेवट यांकडे द्यावे तितके लक्ष देत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

शिफारस आणि दाता

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु केळुसकर गुरुजींनी एवढेच केले नाही. भीमराव इंटरची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पुढील शिक्षण खर्चावाचून अडते आहे असे दिसताच त्यांनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला व भीमरावांची त्यांच्याशी भेट घडवून आणली. लायक अस्पृश्य विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याची इच्छा महाराजांनी मुंबईतील एका सभेत आधीच बोलून दाखविली होती. ते जाहीर वचन केळुसकरांनी लक्षात ठेवले आणि योग्य वेळी योग्य विद्यार्थी पुढे उभा केला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुरे होऊ शकले. विद्यार्थ्याची गुणवत्ता आणि दात्याची इच्छा या दोहोंमध्ये अंतर असते. ते सांधणारा तिसरा माणूस नसेल तर दोन्ही आपापल्या ठिकाणी राहतात. केळुसकर हे असे तिसरे माणूस होते.

दात्याविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. बौद्धविद्येवरही त्यांचे ऋण आहे. कलकत्ता विद्यापीठातील दरमहा २५० रुपयांची नोकरी सोडून महाराष्ट्रात येऊ इच्छिणाऱ्या धर्मानंद कोसंबी यांना त्यांनी दरमहा ५० रुपयांची वृत्ती दिली. अट अशी की, कोसंबींनी महाराष्ट्रातील कोणत्याही शहरी राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावे. कोसंबींनी पाचपट वेतन सोडून ती वृत्ती पत्करली, कारण तिच्यात स्वतःच्या भाषिकांत राहून काम करण्याची मोकळीक होती. रकमेपेक्षा अट महत्त्वाची असते, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

करारातील अटी

१९१३ च्या आरंभी बी. ए. झालेले भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. परंतु २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांच्या वडिलांचे निधन झाले आणि त्यांना मुंबईस परतावे लागले. संस्थानाच्या खर्चाने काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचा महाराजांचा विचार त्याच सुमारास चालू होता. भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्यात करारावर सह्या झाल्या. ठरवून दिलेल्या विषयांच्या अभ्यासातच वेळ घालवावा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, ही त्यातील मुख्य कलमे. मुदत तीन वर्षांची, १५ जून १९१३ ते १४ जून १९१६. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड. तीन वर्षांचा हिशेब केला तर तो ४१४ पौंड होतो.

या ४१४ पौंडांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबियाच्या दप्तरावरून दिसते की, तेथील वास्तव्यात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक. सेलिग्मन, ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन, गिडिंग्ज, गोल्डनवायझर अशा अध्यापकांच्या हाताखाली हे अध्ययन झाले. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये ‘नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया’ हा प्रबंध सादर झाला. मुदत जूनमध्ये संपत होती आणि प्रबंधही जूनमध्येच सादर होत होता. हा योगायोग मानता येत नाही. ज्याला पैशाची मुदत ठाऊक आहे, अशा विद्यार्थ्याने एकेक महिना मोजून वापरल्याचीच ती खूण आहे. घरखर्चासाठीही याच रकमेतून पैसे पाठवावे लागत, आणि उरल्या पैशातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ विकत घेतले गेले.

शिदोरी संपली तेव्हा

कोलंबियाचे काम आटोपून ते लंडनला गेले आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव दाखल केले. परंतु १९१७ च्या मध्यास बडोद्याहून बोलावणे आले. शिष्यवृत्तीचा काळ संपला होता. साकेतला जीवकाची शिदोरी संपली तसेच हे होते. मात्र येथे एक गोष्ट त्यांनी केली, ती प्रत्येक विद्यार्थ्याने मनावर कोरून ठेवावी अशी आहे. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळविली. पैसा संपला तरी प्रवेशाचा हक्क त्यांनी संपू दिला नाही.

परतीच्या प्रवासात त्यांचे सामान घेऊन येणारे जहाज महायुद्धातील टॉर्पेडोने बुडाले. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईस पोहोचले. सामानाच्या नुकसानभरपाईचे ६०० रुपये हाती आले, तेव्हा त्यांतून बडोद्याच्या प्रवासाची सोय झाली. करार पाळण्यासाठी जाणाऱ्या माणसाजवळ तिकिटापुरतेही पैसे नव्हते, तरी तो गेला.

पुढे जे घडले ते त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर ए व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदविले आहे. अर्थशास्त्रात जगातील नामांकित विद्यापीठांतून अध्ययन करून आलेल्या या अधिकाऱ्याला बडोदे शहरात राहण्यास खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काही दिवस काढले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांनीही आश्रय दिला नाही. शेवटी एका सार्वजनिक उद्यानात बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईची वाट धरली. दहा वर्षांच्या सेवेचे कलम असे मोडले.

हा करार कोणी मोडला, असा प्रश्न विचारला पाहिजे. विद्यार्थी आपले कलम पाळण्यास हजर होता. दात्याचा हेतू प्रामाणिक होता, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. १९२५ साली प्रसिद्ध झालेला ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रॉव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी सयाजीरावांनाच कृतज्ञतापूर्वक अर्पण केला आहे. करार मोडला तो समाजव्यवस्थेने, जी त्या कागदावर सही करणारा पक्ष नव्हती. राजाच्या तिजोरीतून साडेअकरा पौंड निघू शकत होते. राजाच्या राजधानीतून एक खोली निघू शकत नव्हती. अभय राजकुमार जीवकाला माझ्याच आवारात घर बांध असे म्हणाला, त्या वाक्याचे मोल येथे कळते.

दुसरी वाटचाल

नोव्हेंबर १९१८ पासून मार्च १९२० पर्यंत सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी करून त्यांनी काटकसरीने पैसे साठविले. कोलंबियातील मित्र नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य लाभले. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. राखून ठेवलेल्या चार वर्षांच्या मुदतीत ते परत पोहोचले. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टरी, १९२३ साली डी. एस्सी. असा हा क्रम आहे. कोलंबियाच्या पीएच. डी.साठी छापील प्रबंध सादर करावा लागे. १९२५ साली ग्रंथ छापून झाला आणि पदवी ८ जून १९२७ रोजी रीतसर मिळाली.

एका संस्थानाच्या शिष्यवृत्तीने सुरू झालेले शिक्षण पगार, मित्राचे कर्ज आणि दुसऱ्या राजाचे साहाय्य असे तुकडे जोडून पुरे झाले, आणि पहिल्या करारापासून शेवटच्या पदवीपर्यंत चौदा वर्षे लागली. बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण अभिमानाने वाचतो. ती वाचताना या चौदा वर्षांचा जमाखर्चही वाचला पाहिजे.

कृपेकडून हक्काकडे

या अनुभवातून बाबासाहेबांनी काय घेतले? आपल्यासारखाच एखादा दुसरा विद्यार्थी एखाद्या उदार राजाच्या नजरेस पडावा, अशी वाट पाहण्याची व्यवस्था त्यांनी पत्करली नाही. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री झाले आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन त्यांनी गव्हर्नर जनरलला सादर केले. त्यात शिक्षणाविषयी दोन नेमक्या मागण्या होत्या : विज्ञान व तंत्रशास्त्र शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी देशातील शिष्यवृत्त्यांकरिता दरसाल २ लाख रुपये, आणि याच विषयांच्या परदेशी शिक्षणासाठी दरसाल १ लाख रुपये. १९४४-४५ पासून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यासाठी ३ लाखांची तरतूद झाली. पुढे १९४८-४९ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांना आणि १९४९-५० मध्ये इतर मागासवर्गीयांनाही ही योजना लागू झाली. १९५४-५५ पासून परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती अस्तित्वात आली.

१९१३ आणि १९४४ या दोन वर्षांमधील फरक रकमेचा नाही, स्वरूपाचा आहे. १९१३ मध्ये एक विद्यार्थी, एक शिफारस करणारा आणि एक दाता होता. १९४४ मध्ये अर्थसंकल्पातील एक रक्कम होती. तिच्यावर नाव कोणाचेच नव्हते, म्हणून ती सर्वांची होती. शंभर गावांचे उत्पन्न नालंदेच्या विद्यार्थ्यांना लावून दिले गेले, त्याच जातीचे हे काम आहे. ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झालेली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ चे सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत सुरू झालेले महाविद्यालय यांनी या शिष्यवृत्तीधारकांना जागाही दिली. बडोद्यात जी खोली मिळाली नाही, तिचे उत्तर वसतिगृहांच्या आणि महाविद्यालयांच्या रूपाने दिले गेले.

या हक्काच्या मार्गात आपल्या समाजाला आणखी एक अडथळा ओलांडावा लागला. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेले लोक केंद्राच्या लेखी अनुसूचित जातींच्या यादीबाहेर गेले. महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना दिल्या; परंतु केंद्राच्या आदेशात दुरुस्ती होण्यास १९९० साल उजाडावे लागले. धम्म स्वीकारल्याची किंमत विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी मोजली, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्याला सांगितली पाहिजे. त्यानंतर २००५-०६ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आली. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी पाठविणारी महाराष्ट्र शासनाची शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. ज्या राजाने १९२० साली हात दिला, त्याचे नाव तिला असावे हे उचितच आहे.

हक्काची राखण

हक्क मिळाला म्हणजे तो टिकतोच असे नाही. राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ मधील नियमावलीत, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांवरील संशोधनाला शिष्यवृत्ती मिळणार नाही, असे कलम घालण्यात आले. भारताविषयीची साधने भारतातच उपलब्ध आहेत, असा त्यामागील युक्तिवाद होता. १९४२ च्या मागणीत बाबासाहेबांनीही विज्ञान आणि तंत्रशास्त्र यांनाच अग्रक्रम दिला होता, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु अग्रक्रम देणे वेगळे आणि दार बंद करणे वेगळे. ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध न्यूयॉर्कमध्ये लिहिला गेला. तेथे जातीविषयी विचार करताना लेखकाच्या मानेवर जातीचा हात नव्हता आणि समोर मानववंशशास्त्राची नवी साधने होती. साधने कोठे आहेत एवढाच प्रश्न नसतो. मोकळेपणाने विचार कोठे करता येतो, हाही प्रश्न असतो. आज तोच निबंध लिहू इच्छिणारा विद्यार्थी त्या कलमाच्या आड अडला असता.

दुसरी गोष्ट निधीची. जुलै २०२५ मध्ये याच योजनेत निवड झालेल्या १०६ उमेदवारांपैकी आरंभी केवळ ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली. उरलेल्यांची पत्रे निधीच्या उपलब्धतेवर ठेवण्यात आली. परदेशी विद्यापीठाचे सत्र कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी मिळालेला प्रवेश हातचा जाण्याची वेळ येते आणि १९१७ चे लंडन पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहते.

म्हणून आजच्या विद्यार्थ्याने बाबासाहेबांच्या चरित्राकडे केवळ स्फूर्तीसाठी पाहू नये, कार्यपद्धतीसाठीही पाहावे. विषय आणि विद्यापीठ आधी ठरवावे. आजच्या योजनांत शिष्यवृत्तीच्या अर्जाला प्रवेशपत्र जोडावे लागते, म्हणून प्रवेशाची खटपट निदान वर्षभर आधी सुरू करावी. जातीचे, उत्पन्नाचे व गुणांचे दाखले अखेरच्या आठवड्यावर ठेवू नयेत. आपले काम जवळून पाहिलेल्या अध्यापकाकडून शिफारसपत्र घ्यावे. कराराचे प्रत्येक कलम सहीपूर्वी वाचावे. मुदत किती, वाढीची सोय आहे काय, परतल्यावर बांधिलकी कोणती, हे लिहून ठेवावे. एका शिष्यवृत्तीवर विसंबू नये, दुसरी वाट हाताशी ठेवावी. आणि पैसा संपला तर प्रथम विद्यापीठाकडून परत येण्याची परवानगी लेखी घ्यावी.

विहारांनी आणि आपल्या संस्थांनीही एक काम अंगावर घ्यावे. केळुसकरांनी एक जाहीर वचन लक्षात ठेवले होते. आज अशी शेकडो वचने शासकीय जाहिरातींत छापली जातात आणि खेड्यातील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्यांची मुदत टळते. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या जाहिराती वाचून दाखविल्या, अर्ज भरून घेतले आणि पूर्वी शिष्यवृत्ती मिळविलेल्या एकाला नव्या दोघांशी जोडून दिले, तर त्याला वेगळा निधी लागणार नाही. दहा वर्षांच्या सेवेचे ते कलम बडोद्यात मोडले. पण बाबासाहेबांनी ते आयुष्यभर दुसऱ्या ठिकाणी पाळले. शिष्यवृत्ती घेऊन शिकलेल्या प्रत्येकावर तेच एक कलम आजही लागू आहे : आपल्यामागून येणाऱ्याचा अर्ज वेळेवर जाईल, एवढे पाहणे.